साठ ब्रॅकेट, सगळे डाव्या पायाचे

पुण्याहून फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि शॉपवर चहा फिरत होता. पलीकडचा माणूस ओरडत नव्हता, त्यामुळेच जास्त धाकधूक वाटली. "तुमचे ब्रॅकेट बसत नाहीत," एवढंच म्हणाला. कुठलं माप चुकलंय विचारलं, तर म्हणाला, "माप एकही चुकलेलं नाही. पण बसत नाहीत."

मी तेव्हा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघत होतो. पाठवलेल्या साठही नगांच्या रिपोर्टवर माझी सही होती. तो रिपोर्ट मी नंतर कितीदा तरी काढून वाचला आहे. सतरा मापं, प्रत्येकापुढे वरची-खालची मर्यादा, प्रत्यक्ष आलेलं माप आणि शेवटच्या रकान्यात 'ओके'. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या रिपोर्टसकट साठ ब्रॅकेट भंगारात गेले.

जॉब

वस्तू अगदी साधी. पंपाच्या बैठकीला लावायचा इंग्रजी 'एल'च्या आकाराचा ब्रॅकेट. उभा पाय डावीकडे, आडवा पाय त्यातून उजवीकडे निघालेला. आडव्या पायाच्या एका कडेला एक कान बाहेर आलेला आणि त्या कानात आरपार भोक. मटेरियल एफजी २६०, म्हणजे आयएस २१० या भारतीय मानकातला ग्रे आयर्नचा, ओतीव लोखंडाचा ग्रेड. आमच्याकडच्या फाउंड्र्यांना हे रोजचंच काम. पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा लाकडी नमुना, कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतला, कास्टिंग शिरोलीतच ओतलं, मशिनिंग आमच्याकडे. तिन्ही ठिकाणं मिळून दुचाकीवरचा अर्धा तास.

कोल्हापूरच्या कामाची ही जुनी रीत आहे. एका छपराखाली सगळं नसतं. पॅटर्नवाला वेगळा, ओतणारा वेगळा, घासणारा वेगळा. तिघांना बांधणारी दोरी एकच, ती म्हणजे ड्रॉइंग. तिघंही कधी एकत्र बसत नाहीत. कागद एकच आहे ना, मग तिघांना तो सारखाच कळणार, असं धरून सगळं चालतं.

ते ड्रॉइंग मूळचं अमेरिकेतल्या ग्राहकाचं. पुण्यातल्या एका व्यापाऱ्यानं ऑर्डर घेतली आणि काम आमच्याकडे वळवलं. त्याच्याकडे मोठा प्रिंट होता. त्याचा त्यानं फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मापं नीट वाचता यावीत म्हणून फोटो जवळून काढलेला. चांगल्या हेतूनंच काढलेला, पण त्यात खालची पट्टी कापली गेली.

त्या पट्टीला टायटल ब्लॉक म्हणतात. आपल्याकडच्या शिकवण्यात तो १८५ बाय ६५ मिलिमीटरचा, शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो. त्यात नाव, नंबर, स्केल, मटेरियल असतं आणि एक छोटं चिन्हही असतं, निमुळत्या नळकांड्याची दोन दृश्यं. एक चौकोनासारखं, एका बाजूला अरुंद होत गेलेलं. दुसरं म्हणजे एकात एक दोन वर्तुळं. वर्तुळं उजवीकडे असतील तर ड्रॉइंग फर्स्ट अँगल पद्धतीचं, डावीकडे असतील तर थर्ड अँगलचं. नखाएवढं चिन्ह, पण बाकीचा सगळा कागद कसा वाचायचा ते तेच सांगतं.

आमच्या फोटोत ते नव्हतं. नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काडेपेटी आणि कढई

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण इथंच सगळी गाठ आहे.

काडेपेटी टेबलावर ठेवा आणि वरून बघा. जे दिसतं ते 'समोरचं दृश्य' समजा. आता ती उजवीकडे लोटून एक कोलांटी द्या. पेटी उजवीकडे गेली आणि वर आली तिची डावी बाजू. म्हणजे डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे काढायचं. हा फर्स्ट अँगल. आता तीच पेटी कढईच्या तळाशी ठेवा आणि उजव्या उतारावर वर सरकवा. ती कलते, आणि वरून बघणाऱ्याला तिची उजवी बाजू दिसायला लागते. उजवीकडचं दृश्य उजवीकडेच. हा थर्ड अँगल. वर-खालीही तसंच. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं दृश्य खाली काढतात, थर्ड अँगलमध्ये वर.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फर्स्ट अँगलचं मूळ अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये गास्पार मोंजनं मांडलेल्या भूमितीत सापडतं. युरोपात ती पद्धत रुजली, अमेरिकेनं पुढे थर्ड अँगल धरला. आंतरराष्ट्रीय मानकाला दोन्ही चालतात, फक्त कुठली वापरली ते चिन्हानं सांगा, एवढीच अट. भारतात मधल्या काळात मानकानं थर्ड अँगलचीही शिफारस केली होती. नंतर १९८८ साली शाळा-कॉलेजांसाठी एसपी ४६ हे पुस्तक भारतीय मानक ब्युरोनं काढलं आणि शिकवण्यात फर्स्ट अँगल पक्का झाला. आज आयटीआयचा फिटर असो, डिप्लोमाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो, त्याच्या हातात हीच पद्धत बसते. प्रश्नपत्रिकेत बहुतेक वेळा लिहूनच दिलेलं असतं, 'फर्स्ट अँगल पद्धत वापरा.' मुलाला पद्धत ओळखायची वेळच येत नाही. ती आधीच सांगितलेली असते.

आमचा पॅटर्न मिस्त्री आयटीआयला गेलेला नव्हता. वय साठीच्या पुढे. लहानपणी उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या पार्टांवर उमेदवारी करत ड्रॉइंग वाचायला शिकला. त्याच्याकडे बसून पॅटर्न कापताना बघणं हा मला कायम आवडणारा प्रकार आहे. त्याच्या हातातली पट्टीसुद्धा 'खोटी' असते. ओतलेलं लोखंड गार होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून त्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर तेवढाच मोठा आखलेला. तो १०० मोजतो तेव्हा खरी लांबी १०१ असते. जाणून-बुजून चुकीची, पण सगळ्यांनी ठरवून चुकीची, म्हणून बिनधोक. नवखा माणूस ती पट्टी उचलून घराची खिडकी मोजेल तर फसेल. मिस्त्री ती कुणाला हात लावू देत नाही.

पण ड्रॉइंगचा कागद त्याच्याकडे गेला तेव्हा तो कुठल्या पट्टीनं आखलाय, हे विचारणारं कुणी नव्हतं.

एक भरीव रेघ

फोटोत दोनच दृश्यं होती. खाली समोरचं आणि त्याच्या वर आणखी एक. थर्ड अँगलच्या हिशेबानं वरचं म्हणजे वरून पाहिलेलं. आमच्या सवयीनं वरचं म्हणजे खालून पाहिलेलं. वाचण्यात एवढा फरक पडला की पुढचं मागे जातं. समोर यायचा कान मागच्या कडेला गेला. बाकी जाडी, लांबी, भोकाचा व्यास, कडेपासूनचं अंतर, सगळं जिथल्या तिथं. कानाच्या कडा मोठ्या गोलाईनं पायात मिसळलेल्या, त्यामुळे समोरच्या दृश्यात त्याची स्वतंत्र रेघही नव्हती. मापं मिलिमीटरमध्ये होती. इंचात असती तर कुणाच्या तरी डोक्यात 'हे अमेरिकेचं दिसतंय' असं आलं असतं.

चूक उघडी पडल्यावर मी उद्यमनगरात गेलो. भांडायला नाही, पण चेहऱ्यावर तसंच असणार. मिस्त्रीनं पॅटर्न काढून समोर ठेवला, शेजारी मूळ प्रिंट. मी तोवर पूर्ण पीडीएफ मागवलेली होती. त्यानं चष्मा वर केला, पाच मिनिटं काही बोलला नाही. मग पॅटर्न हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवला. उलटा केला, आडवा केला. तो ब्रॅकेट कसाही धरला तरी कान हव्या त्या बाजूला येईना. आरशातलं रूप होतं ते. शेवटी म्हणाला, "हे तर सगळं डाव्या पायाचं झालं की ओ! चपला हव्या होत्या उजव्या."

यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठल्याही एनसी रिपोर्टात, म्हणजे माल नापास झाल्याच्या रिपोर्टात, वाचलेलं नाही. डावी चप्पल मापानं उजवीइतकीच असते. पट्टी लावा, वजन करा, फरक सापडणार नाही. फरक घालून बघितल्यावरच कळतो.

ड्रॉइंगमध्ये दिसणारी कड भरीव रेघेनं काढतात, आड लपलेली तुटक रेघेनं. मग त्यानं बोट एका रेघेवर ठेवलं. आडवा पाय उभ्या पायाला मिळतो तिथली, वरच्या दृश्यातली. "ही बघा. खालनं बघितलं तर खालचा भाग सपाट, ही रेघ तुटक पाहिजे होती. हितं भरीव काढलीय. मी म्हटलं बी होतं तुमच्या पोराला. तर पोरगं म्हणालं, काढणाऱ्याची चूक असंल."

'पोरगं' म्हणजे आमचा मशीनचा प्रोग्रामर, डिप्लोमा झालेला, हुशार मुलगा. मी त्याला विचारलं. तो लगेच कबूल झाला. त्याच्या डोक्यात एकच पद्धत होती आणि त्या पद्धतीत ती रेघ चूकच होती. कागदानं स्वतःहून सांगितलं होतं की तुम्ही मला उलटं वाचताय. एक न शिकलेला आणि एक शिकलेला, दोघांनीही ते ऐकलं आणि दोघांनीही कागदालाच चूक ठरवलं. त्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, यात मला शंका नाही. मीही डिप्लोमाचाच.

या प्रकरणातली हीच गोष्ट मला आजही टोचते. आमची घडी विस्कटलेली होती म्हणून चूक झाली नाही. उलट आम्हा तिघांची शिस्त इतकी पक्की होती की ती 'एक पद्धत' आहे हेच विसरायला झालं होतं. ज्याला आपण निसर्गनियम समजतो ती कुणीतरी ठरवलेली रीत असते, आणि पलीकडे दुसऱ्या कुणीतरी दुसरी ठरवलेली असते.

नमुना का तपासला गेला नाही

एरवी पहिला नग ग्राहकाकडे जातो, तिथं बसवून बघतात आणि मग लॉट ओततात. तसं ठरलंही होतं. पण तो जुलै २०२१ होता. पंचगंगेला पूर आला आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. नमुना तयार होऊन शॉपवर पडून राहिला. व्यापाऱ्याला तारीख गाठायची होती. म्हणाला, रिपोर्ट मेल करा, रिपोर्टवर मंजुरी देतो. रिपोर्ट गेला, मंजुरी आली. रस्ता खुला होईपर्यंत लॉटची तयारी झालेली होती.

म्हणजे हाताला लागणारी वस्तू जायची तिथं तिच्या मापांची यादी गेली. यादीत डावं-उजवं बसत नाही. व्हर्नियर अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. गो-नोगो गेज भोकात जातं की नाही एवढंच सांगतं. भिंतीवर आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र होतं आणि त्याच्या कलमांत 'ग्राहकाच्या गरजा तपासून घ्या' असं आहेही. आम्ही तपासल्या होत्या. सतरा वेळा.

याच्या उलट एक गोष्ट आमच्याच शॉपमध्ये आधी घडली होती. अर्ध्या इंची पाइपाचे आटे. ब्रिटिश पद्धतीच्या बीएसपीत आणि अमेरिकन एनपीटीत, दोन्हीत इंचाला १४ आटेच. पण एकाच्या दातांचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०. फिटिंग हातानं दोन-तीन आटे छान चढतं आणि मग प्रेशर दिलं की गळतं. तिथं चूक आमच्या बाकावरच सापडली, कारण आट्यांना गेज असतं आणि गेज खोटं बोलत नाही. तेव्हापासून आमचा सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावणारा, पाइपाचा जॉब हातात आला की पहिल्यांदा 'बीएसपी का एनपीटी' विचारतो. आट्यांबाबत दोन पद्धती आहेत हे आम्ही गळती बघून शिकलो होतो. ड्रॉइंगबाबत मात्र तोवर तसा फटका बसला नव्हता.

पैसे

यावर फार लिहीत नाही. कास्टिंग फाउंड्रीनं भंगाराच्या भावानं परत घेतलं, भट्टीत टाकलं. मशिनिंगची मजुरी आमची बुडाली. मिस्त्रीनं पॅटर्नचा कान कापून दुसऱ्या बाजूला बसवून दिला, एक पैसा घेतला नाही. फोटो कापून पाठवणाऱ्या व्यापाऱ्यानंही एक पैसा दिला नाही. त्याचं म्हणणं, "ड्रॉइंग वाचता येत नाही तर ऑर्डर कशाला घेता?" बोलणं कडवट होतं, आणि निम्मं खरंही.

नंतर आम्ही काय केलं

पहिला नियम सोपा होता. फोटोवरून काम नाही. पूर्ण शीट पीडीएफमध्ये येत नाही तोवर पॅटर्नवाल्याकडे कागद जायचा नाही. हा नियम टिकला, अजून टिकून आहे.

दुसरा माझा. मोठ्या हौशीनं एक रबरी शिक्का करून घेतला. प्रत्येक येणाऱ्या ड्रॉइंगवर तो मारायचा, त्यात दोन चौकोन, फर्स्ट आणि थर्ड. वाचून खूण करायची. पहिले पंधरा दिवस सगळे चिन्ह शोधत होते. महिन्याभरात सेटर आधी शिक्का मारून, आधीच 'थर्ड'वर खूण करून गठ्ठा तयार ठेवायला लागला, कारण बाहेरचं काम बहुतेक थर्डच येतं. मी जो उपाय काढला होता त्याचीच सवय झाली आणि सवयीनं परत डोळे मिटले. शिक्का ड्रॉवरमध्ये गेला.

तिसरा उपाय मिस्त्रीनं सुचवला, न ठरवता. म्हणाला, "मी पोरं शिकवताना ड्रॉइंग देत नाही. दोन बाजू काढून देतो, तिसरी त्यांनी काढायची. येत नसंल तर रंधा हातात नाही." आम्ही तेच केलं. प्रत्येक नव्या जॉबला सेटरनं न दिलेलं एक दृश्य कोऱ्या कागदावर हातानं काढायचं आणि ड्रॉइंगला टाचायचं. रेघा सरळ नसल्या तरी चालतील. त्यात भरीव-तुटक जुळलं नाही तर काम थांबवायचं आणि फोन करायचा. यात वेळ जातो. मालक पहिल्यांदा कुरकुरले, "आता शाळा चालवायची का?" पण खूण करताना माणूस झोपू शकतो, चित्र काढताना नाही.

शाळेचं म्हणाल तर मी तिकडेही गेलो. ओळखीच्या एका शिक्षकांनी त्यांच्या वर्गावर एक तास दिला. पिशवीत काडेपेटी, घरची छोटी कढई आणि साठातला एक ब्रॅकेट घेऊन गेलो. मुलांना तो ब्रॅकेट आणि मूळ ड्रॉइंग दिलं आणि म्हटलं, चूक शोधा. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी व्हर्नियर मागितला. मापं घेतली, सगळी जुळली. मग एका मुलीनं ब्रॅकेट ड्रॉइंगवर ठेवला, फिरवला, आणि म्हणाली, "सर, हा बसतच नाही इथं." कढई काढायची वेळ तिथून सुरू झाली.

तास संपल्यावर शिक्षकांशी चहावर वाद झाला. मी म्हणत होतो, पहिल्या वर्षापासून दोन्ही पद्धती शिकवा. ते म्हणाले, "तुम्हाला तयार माणूस दिसतो, मला पहिल्या महिन्यातला मुलगा दिसतो. ज्याला समोरचं आणि वरचं कळत नाही त्याला दोन व्याकरणं दिली तर एकही येणार नाही. एक पद्धत सगळीकडे सारखी आहे म्हणून गडहिंग्लजचा मुलगा नागपुरात पेपर देऊ शकतो." त्यांचं बरोबर होतं. एकसारख्या अभ्यासक्रमाची किंमत मी कमी धरत होतो. पण मीही एक मुद्दा सोडला नाही. एकच पद्धत शिकवा, हरकत नाही, पण प्रश्नपत्रिकेत ती सांगू नका. चिन्ह छापा आणि मुलाला ओळखू द्या. प्रश्न तोच राहील, फक्त पहिली पायरी त्यानं चढायची. ते हसले आणि म्हणाले, पेपर मी काढत नाही. तरी वर्गातल्या सरावाच्या शीटवर त्यांनी ते सुरू केलं.

मागच्या हिवाळ्यात त्याच व्यापाऱ्याकडून नवीन जॉब आला. या वेळी पूर्ण पीडीएफ, कोपऱ्यात चिन्ह स्पष्ट, वर्तुळं डावीकडे. सेटरनं तिसरं दृश्य काढायला घेतलं आणि अडला. एक रेघ भरीव होती, ती कशीही धरली तरी तुटक यायला हवी होती. थर्डनं वाचलं, फर्स्टनं वाचलं, जुळेना. मी कागद घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्रीनंही मान हलवली. काम थांबवलं, पुण्याला मेल केला. व्यापारी चिडला, दोन दिवस गेले, मेल पुढे अमेरिकेत गेला.

उत्तर एका ओळीचं आलं, सोबत सुधारलेलं ड्रॉइंग. या वेळी खरोखरच काढणाऱ्याची चूक होती.